आयरीन व्हॅन डाइक : दोन देशांकडून खेळलेली गोल शूटर

सेंटरपास

क्रीडा विभागात क्रिकेट आहे, टेनिस आहे, बुद्धिबळावर तर ढिगाने धागे आहेत. नेटबॉलवर एकही नाही, म्हणून मीच काढते. शाळेपासून विद्यापीठापर्यंत मी हा खेळ खेळले. त्या काळात सगळ्यात जास्त जिच्याकडे बघून शिकले, ती आयरीन व्हॅन डाइक.

जन्म १९७२, दक्षिण आफ्रिकेतलं व्हेरीनिखिंग. घरची भाषा आफ्रिकान्स, माहेरचं आडनाव फिलयून. उंची १.९० मीटर, म्हणजे आपल्या मापाने सव्वासहा फुटांच्या जवळ. वर्णद्वेषी धोरणामुळे दक्षिण आफ्रिकेला जागतिक खेळांतून बाहेर ठेवलं होतं, तो बहिष्कार उठला आणि १९९४ मध्ये ती देशाच्या संघात आली. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमला विश्वविजेतेपद स्पर्धा झाली. इतकी वर्षं बाहेर राहिलेला हा संघ न्यूझीलंडला तिसऱ्या क्रमांकावर ढकलून अंतिम सामन्यात पोचला. तिथे ऑस्ट्रेलियाने हरवलं, पण रौप्य मिळालं. आयरीन पुढे कर्णधारही झाली. दक्षिण आफ्रिकेकडून एकूण ७२ कसोट्या (नेटबॉलमधले आंतरराष्ट्रीय सामने) खेळली.

मग २००० साली नवरा आणि लहान मुलीला घेऊन ती न्यूझीलंडला गेली, वेलिंग्टनच्या कॅपिटल शेकर्सकडून खेळायला. आणि त्याच वर्षी न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघात, म्हणजे सिल्व्हर फर्न्समध्ये तिची निवड झाली! दोन्ही देशांत बोंबाबोंब झाली. इकडचे म्हणाले आमची कर्णधार पळवली, तिकडचे म्हणाले आमच्या पोरींची जागा गेली. तिने काय केलं? पुढची चौदा वर्षं गोल टाकत राहिली. न्यूझीलंडकडून १४५ कसोट्या, दोन्ही देश मिळून २१७. तिने निवृत्ती घेतली तेव्हा इतके आंतरराष्ट्रीय सामने जगात दुसऱ्या कुणाच्या नावावर नव्हते.

नेटबॉल कोण कोण बघतं इथे?

अतरंगी

पहिला! (आता वाचतो.)

खडूस_प्रेक्षक

लेख चांगला आहे, पण एक बाळबोध प्रश्न. नेटबॉल म्हणजे बास्केटबॉलच ना? फळी काढून टाकलेला?

सेंटरपास

@खडूस, हा प्रश्न येणार हे माहीत होतं. :)

मूळ एकच, १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या मुलींच्या कॉलेजांत बास्केटबॉलपासून हा खेळ वेगळा झाला. पण आता फरक पुष्कळ आहे. एका बाजूला सात जणी. चेंडू आपटत पळायचं नाही. हातात आला की तीन सेकंदांत पास किंवा शॉट. प्रत्येकीच्या अंगावर बिब असतो, त्यावर जागेची अक्षरं, आणि त्या अक्षरांनुसार मैदानाचा ठरलेला भागच तिचा. गोल टाकायचा हक्क फक्त दोघींना, गोल शूटर आणि गोल अटॅक. तोही ४.९ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळातूनच. बाकीच्या पाच जणींनी चेंडू तिथवर आणून द्यायचा. रिंग बास्केटबॉलइतकीच उंच, ३.०५ मीटर, पण अरुंद. आतला व्यास ३८ सेंटिमीटर, बास्केटबॉलची ४५. आणि मागे फळी नाही म्हणजे आपटून आत घालायची सोय नाही. चेंडू वरून सरळ आत जायला हवा, नाहीतर कडेला लागून उडालाच.

जुनाखेळगडी

वा, आमच्या शाळेत मुली खेळायच्या ते आठवलं. आम्ही मुलं कठड्यावर बसून नुसते बघायचो आणि पीटीचे सर हाकलायचे.

सव्वासहा फुटी बाईने रिंगमध्ये चेंडू टाकला यात मोठं काय, असं कुणीतरी म्हणणार, म्हणून मीच आधी विचारून घेतो. उंचीच्या पलीकडे नक्की काय होतं तिच्यात?

सेंटरपास

काका, याचसाठी धागा काढला. जरा लांबण लावते.

नेटबॉलमध्ये फूटवर्कचा नियम कडक आहे. चेंडू पकडून ज्या पायावर उतरलात तो पाय उचलता येतो, पण परत टेकवायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. थोडक्यात, जिथे उतरलात तिथूनच शॉट, फार तर एक पाऊल. त्यामुळे शूटरचं खरं काम शॉटच्या आधीच होऊन गेलेलं असतं: उतरायचं कुठे, याचा निर्णय हवेत असतानाच.

आयरीनचं एक नेहमीचं चित्र सांगते. ती खांबाच्या बाजूला, गोल कीपर (म्हणजे तिला अडवणारी समोरच्या संघातली बचावपटू) तिच्या पाठीला किंवा समोर. कीपर समोर आली की आयरीन कमरेने आणि खांद्याने मागची जागा धरून ठेवायची. ढकलायचं नाही, ढकललं की पंचांची शिट्टी. नुसतं अंग भक्कम ठेवायचं. वर्तुळाच्या कडेवरून तिची सहखेळाडू टेमेपारा जॉर्ज किंवा आणखी कुणी कीपरच्या डोक्यावरून उंच चेंडू सोडायची. तो चेंडू आयरीनकडे यायचा नाही, ती जिथे नाही अशा रिकाम्या जागेत यायचा, जवळजवळ मैदानाबाहेर. आणि अगदी शेवटच्या क्षणी ती उडी घ्यायची. आधी उडी घेतली तर कीपरलाही कळतं. एक पाय आतल्या रेषेला जेमतेम धरून उतरायची, तोपर्यंत रिंगपासून हातभर अंतर. तिथून चुकायचं कारणच नाही.

मग शॉट. चेंडू डोक्याच्या वर आणि किंचित मागे, बोटं पसरलेली, चेंडू तळहाताला टेकत नाही. गुडघे थोडे वाकतात, सरळ होतात, शेवटी मनगट. बचाव करणारीला तिच्या पायापासून तीन फूट लांब राहून हात वर करायची मुभा असते. त्यामुळे तोंडासमोर कायम एक पंजा हलत असतो. त्याच्याकडे बघायचं नाही, रिंगच्या मागच्या कडेकडे बघायचं. आम्हाला हे सांगणारे सर मिळाले, पण दाखवणारं कुणी नव्हतं. ते तिच्या व्हिडिओंत मिळालं.

शंभर शॉटपैकी नव्वदहून जास्त आत, तेही मोसमामागून मोसम. उंच मुली पुष्कळ येतात. पण इतकी वर्षं घोट्यांवर आणि गुडघ्यांवर उड्या मारून चाळिशीतही तेच आकडे ठेवणं उंचीने जमत नाही.

मोगरा_८२

दंडवत! शेवटच्या क्षणी उडी घ्यायची, हे वाचून आता व्हिडिओ शोधणार.

वेलिंग्टनचा_वारा

सेंटरपास, मी गेली बरीच वर्षं इथे वेलिंग्टनला आहे, त्यामुळे हा धागा बघून फार बरं वाटलं. आमच्याकडच्या मराठी मंडळाच्या गप्पांत रग्बी आणि क्रिकेटच असतं, पण शनिवारी सकाळी कुठल्याही नेटबॉल कोर्टावर जा. थंडी, वारा, बारीक पाऊस, आणि बिब घातलेल्या पाचवी-सहावीतल्या पोरी ओरडत असतात. कडेला थर्मासमधून चहा पिणारे पालक. मीही त्यातलाच एक, मुलगी विंग डिफेन्स खेळते. इथे मुलीने नेटबॉल खेळणं म्हणजे आपल्याकडे मुलाने क्रिकेट खेळण्यासारखं आहे. टीव्हीवर मुख्य वेळेत सामने असतात, खेळाडू जाहिरातींत दिसतात.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आयरीन इथे का आली याचं अर्धं उत्तर यात आहे. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा या खेळात हौस भरपूर होती, पैसा आणि व्यासपीठ नव्हतं.

इथे आल्यावर ती शिक्षिका म्हणूनही काम करायची. विश्वविजेती बाई सोमवारी सकाळी वर्गात! इथे त्याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटायचं नाही.

खडूस_प्रेक्षक

हे सगळं ठीक. पण देश बदलणं मला पटत नाही. कर्णधार होतीस, विश्वचषकाचं रौप्य होतं, तुला बघून तिथल्या पोरी खेळायला लागल्या असतील. आणि चांगला पगार दिसला की समोरच्या गोटात? तेही ज्यांना हरवून मोठी झालीस त्यांच्याच गोटात. व्यावसायिक क्लबसाठी जा ना, कोण नाही म्हणतंय? राष्ट्रीय संघ म्हणजे आयपीएलचा लिलाव नाही.

अतरंगी

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मोगरा_८२

@खडूस, इंजिनियर झालेली आपली अर्धी मुलं परदेशात जाऊन तिथलं नागरिकत्व घेतात तेव्हा आपण पेढे वाटतो. खेळाडूने केलं की गद्दारी?

खडूस_प्रेक्षक

इंजिनियर छातीवर देशाचं चिन्ह लावून राष्ट्रगीत म्हणत नाही.

जुनाखेळगडी

आता क्रिकेटचं उदाहरण येणारच, तर मीच देतो. ग्रँट इलियट जोहान्सबर्गचा. २०१५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑकलंडला त्याने डेल स्टेनला षटकार मारून दक्षिण आफ्रिकेलाच बाहेर काढलं. सामना संपल्यावर खाली बसलेल्या स्टेनला हात देऊन उठवणाराही तोच. त्याला कुणी गद्दार म्हटलं नाही. मग फक्त बाईलाच का विचारायचं?

खडूस_प्रेक्षक

काका, इलियट दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार नव्हता हो. त्यांच्याकडून एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. आयरीन ७२ खेळून गेली. बाई-पुरुष हा मुद्दा मी आणलेला नाही, तुम्ही आणताय.

जुनाखेळगडी

हा मुद्दा मान्य. केप्लर वेसल्सचं उदाहरण जास्त जुळेल. आधी ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळला, मग बहिष्कार उठल्यावर दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार झाला. दिशा तेवढी उलटी.

सेंटरपास

खडूस, तुमचा राग मला समजतो, आणि कर्णधार असण्याचा मुद्दा वजनदार आहेच. माझं म्हणणं वेगळं आहे. पुरुषांच्या मोठ्या खेळांत माणूस देश न बदलता जगभर क्लबकडून खेळून पैसे आणि स्पर्धा दोन्ही मिळवू शकतो. नेटबॉलमध्ये २००० साली ती सोयच नव्हती. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आजही नाही. सर्वोच्च दर्जाचा नेटबॉल वर्षभर खेळायचा तर दोनच देश, ऑस्ट्रेलिया नाहीतर न्यूझीलंड. २८ वर्षांची, हाताशी लहान मूल असलेली गोल शूटर, कारकिर्दीची ऐन वर्षं समोर. तिने घरी थांबून वाट कशाची बघायची?

नियम ढिसाळ होते, हे मात्र मी मान्य करते. एका वर्षात एका देशाची कर्णधार दुसऱ्या देशाच्या संघात येते तेव्हा प्रश्न नियम करणाऱ्यांना विचारायला हवा. तो विचारायचं सोडून लोकांनी वर्षानुवर्षं तिलाच विचारला.

आणि ती एकटी नाही. लिआना डी ब्राइन हीसुद्धा आधी दक्षिण आफ्रिकेकडून खेळली, नंतर न्यूझीलंडच्या बचावाचा कणा झाली. म्हणजे एक काळ असा होता की सिल्व्हर फर्न्सच्या दोन्ही टोकांना दक्षिण आफ्रिकेच्या बायका उभ्या होत्या. एकाच देशातून दोघी जातात तेव्हा त्या घरातच काहीतरी बिनसलेलं असतं.

वेलिंग्टनचा_वारा

+१. आणि इथलंही सांगतो. न्यूझीलंडवाल्यांनी तिला लगेच डोक्यावर घेतलं असं नाही. दक्षिण आफ्रिकेबरोबर या देशाचं नातं रग्बीमुळे आधीच नाजूक. १९८१ मध्ये त्यांचा रग्बी संघ इथे आला तेव्हा देश उभा फाटला होता. हॅमिल्टनचा सामना आंदोलकांनी मैदानात घुसून बंद पाडला. त्यात १९९५ ला रग्बीच्या विश्वचषकाची अंतिम फेरी १५-१२ ने त्यांच्याकडून हरलो, आणि त्याच वर्षी नेटबॉलमध्येही ते आमच्या पुढे गेले. पाचच वर्षांत त्यांची कर्णधार आमची काळी जर्सी घालून उभी. लोकांना पचायला वेळ लागला.

पचलं ते २००३ मुळे.

मोगरा_८२

२००३ ला काय झालं? थोडक्यात नको, नीट सांगा.

सेंटरपास

यासाठी आधीची दुखणी माहीत हवीत. १९८७ नंतर न्यूझीलंडने विश्वविजेतेपद जिंकलं नव्हतं. १९९९ ला क्राइस्टचर्चला, आपल्याच घरी, ऑस्ट्रेलियाकडून एका गोलने हरले, ४२-४१. २००२ ला मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंतिम सामना बरोबरीत, जादा वेळ, पुन्हा जादा वेळ, आणि शेवटी ५७-५५ ने ऑस्ट्रेलिया. दोन्ही वेळा शेवटचा गोल शरेल मॅकमहॉनचा. आयरीन मँचेस्टरच्या संघात होती.

मग २००३, जमैकातलं किंग्स्टन. प्रशिक्षक रूथ एटकिन. अंतिम सामन्यात पुन्हा ऑस्ट्रेलिया, आणि या वेळी ४९-४७ ने न्यूझीलंड. सोळा वर्षांनी! पुढे २००६ ला मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, ऑस्ट्रेलियाच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, ६०-५५ ने सुवर्ण. २००७ ला ऑकलंडला विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात मात्र ३८-४२ ने हरले. या दोन संघांची वही उघडली की असंच दिसतं: दोन, दोन, पाच, चार. सुटलेला एखादा शॉटही इथे विश्वचषकाच्या किमतीचा असतो. म्हणून ज्या शूटरचा हात थरथरत नाही तिच्यासाठी देश भांडतात.

अतरंगी

पॉपकॉर्न बाजूला ठेवून विचारतो, २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाली तेव्हा ही आली होती का? म्हणजे आपल्या देशात येऊन गेली आणि आपल्याला पत्ता नाही?

रानवाट

आली होती, आणि मी होतो! बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, पण आता लिहितोच.

नोकरीनिमित्त तेव्हा दिल्लीत होतो. १४ ऑक्टोबर, स्पर्धेचा शेवटचा दिवस. त्या दिवशी हॉकीचा अंतिम सामना होता, भारत-ऑस्ट्रेलिया, आणि सायना नेहवालचाही. हॉकीची तिकिटं मिळणं शक्यच नव्हतं. (नंतर ०-८ चा निकाल कळला तेव्हा देवाचे आभार मानले.) ऑफिसातल्या एकाकडे त्यागराज स्टेडियमचं नेटबॉलच्या अंतिम सामन्याचं, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाचं, तिकीट पडून होतं, म्हणाला तू जा. मला नियम ठाऊक नव्हते. शेजारी न्यूझीलंडचं एक वयस्कर जोडपं होतं, त्यातल्या बाईंनी पहिल्या पंधरा मिनिटांत सगळं शिकवलं.

साठ मिनिटं संपली तेव्हा बरोबरी. जादा वेळ दिला, तरी बरोबरी. मग नियम असा की जो आधी दोन गोलांनी पुढे जाईल तो जिंकला. एक गोल इकडे, एक तिकडे. प्रत्येक शॉटच्या वेळी शेजारच्या बाई डोळे मिटून घ्यायच्या आणि नवऱ्याला विचारायच्या, गेला का? शेवटी न्यूझीलंडच्या मारिया टुटायाने लांबून टाकला आणि ६६-६४. तुम्ही म्हणता ती उंच, केस मागे बांधलेली, खांबाजवळची बाई मला चांगली आठवते. तिच्याकडे चेंडू गेला की शेजारच्या बाई डोळे मिटायच्या नाहीत.

सेंटरपास

रानवाट, तुमचा शेवटचा निरीक्षणाचा मुद्दा माझ्या अख्ख्या लेखापेक्षा भारी आहे. हेवा वाटतो.

त्या स्पर्धेत यजमान म्हणून भारताचाही संघ होता, प्राची तेहलान कर्णधार. तीच पुढे मालिका-सिनेमांत गेली. आपल्याकडे नेटबॉलपटूचं नाव लोकांना कळतं ते अभिनेत्री झाल्यावर, हे काही बरं नाही.

जुनाखेळगडी

आशियात कोण चांगलं खेळतं? आपण कुठे आहोत?

सेंटरपास

श्रीलंका. त्यांनी २००९, २०१८ आणि २०२२ ला आशियाई विजेतेपद मिळवलं. त्यांची तर्जिनी शिवलिंगम जाफनाची तमिळ मुलगी, उंची दोन मीटरच्याही वर. ती ऑस्ट्रेलियात क्लबकडूनही खेळली. यादवीतून बाहेर आलेल्या देशात सिंहली प्रेक्षक एका तमिळ शूटरसाठी ओरडतात, यावर खरं तर वेगळा धागा हवा. रिकाम्या जागेतला उंच चेंडू तीही तसाच घ्यायची. आपण बरेच मागे आहोत.

मोगरा_८२

आयरीनचा शेवट कसा झाला? म्हणजे खेळातला हो!

वेलिंग्टनचा_वारा

सुखाने झाला, पण गुळगुळीत नाही. २०११ ला सिंगापूरच्या विश्वचषकात पुन्हा अंतिम सामना, पुन्हा जादा वेळ, ५७-५८ ने हार. तेव्हा ती ३९ ची. सगळ्यांना वाटलं आता थांबेल. पण २०१२ ला वायकाटो-बे ऑफ प्लेंटी मॅजिककडून खेळताना तिने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एकत्र लीग जिंकली. २००८ पासून ती लीग सुरू होती आणि तोवर एकाही न्यूझीलंडच्या संघाला जिंकता आली नव्हती. मॅजिकने मोसमाची सुरुवातच पराभवांनी केली होती. तिथून उठून अंतिम सामना मेलबर्नला जाऊन ४१-३८ ने घेतला. प्रशिक्षक होत्या नोलीन टाउरुआ, त्यांनीच पुढे २०१९ ला न्यूझीलंडला विश्वचषक मिळवून दिला, ५२-५१ ने. (पुन्हा एक गोल!)

२०१४ ला ती वेलिंग्टनच्या पल्सकडे आली आणि त्याच वर्षी ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्त झाली. वय बेचाळीसला टेकलेलं. तिच्यासमोर कीपर म्हणून ज्या उभ्या राहायच्या त्यांतल्या काही जणी तिने पहिली कसोटी खेळली तेव्हा बालवाडीत होत्या.

खडूस_प्रेक्षक

माझं मत बदललेलं नाही, पण एक विचारतो. ती गेल्यावर दक्षिण आफ्रिकेचं काय झालं? तिथल्या पोरींना काही मिळालं का?

सेंटरपास

चांगला प्रश्न. बरीच वर्षं काही नाही, घसरण. मग हळूहळू त्यांच्या खेळाडू परदेशी लीगमध्ये जायला लागल्या, खेळायच्या मात्र देशासाठीच, कारण आता दोन्ही एकत्र करता येतं. ऑस्ट्रेलियाच्या माजी प्रशिक्षक नॉर्मा प्लमर, ज्यांच्या संघाने २००७ आणि २०११ ला आयरीनला हरवलं, त्याच दक्षिण आफ्रिकेच्या प्रशिक्षक झाल्या आणि २०१९ ला लिव्हरपूलला संघ चौथा आला. २०२३ चा विश्वचषक केपटाउनला झाला, आफ्रिकेतला पहिलाच. प्रशिक्षकाने देश बदलला तर कुणी काही बोलत नाही, हेही नोंदवून ठेवते.

खडूस_प्रेक्षक

टोमणा पोचला.

मोगरा_८२

व्हिडिओ पाहिले. ती खरंच शेवटच्या क्षणी उडी घेते हो! लेकीला दाखवलं, ती सातवीत आहे, उंच आहे आणि उंचीवरून चिडवतात म्हणून पोक काढून चालते. आता म्हणते खांब लावून दे. सोसायटीत बास्केटबॉलचा आहे, तो चालेल का?

सेंटरपास

सुरुवातीला चालेल, पण फळीची सवय लागली की नंतर सुटत नाही. त्यापेक्षा वेल्डरकडून ३८ सेंटिमीटरची गोल कडी करून घ्या आणि साध्या लोखंडी पाइपाला लावा. खांब आणि कडी यांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. उंची लगेच दहा फूट नको, सातवीतल्या मुलीला नऊ फुटांवर सुरू करू द्या. चेंडू पाच नंबरचा, फुटबॉलएवढाच असतो. आधी अगदी खांबाखालून टाकायचा, रोज. लांबून टाकायची घाई सगळ्यांना होते, तेवढी करू देऊ नका. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, तुमच्या गावात कुठे शिकवतात ते विचारून सांगते.